पहिली वेलांटी

अमरावती,
५ जानेवारी २०२६

प्रिय रश्मीताई,
सप्रेम जय भीम.

परीक्षा होईपर्यंत तू फोन बार्शीटाकळीला घरी आत्याकडे ठेवून दिला आहेस आणि अकोल्याला अभ्यासिकेत कोणी भेटायला येऊ नये असं सगळ्यांना बजावलं आहेस. तरी मी त्रास देतो आहे. तीन दिवस थांबून पाहिलं. आता थांबवत नाही.

प्रेसमधला जुना संगणक सारखा बंद पडू लागला, म्हणून मालक खुशालरावांनी नवा आणला आणि जुना मोडीत देऊन टाकला. त्याआधी तू बनवलेल्या लग्नपत्रिकांच्या साइटचं फोल्डर मी पेनड्राइव्हवर घेतलं होतं. आतली दोन फोल्डर तेवढी सोडली. एकात बेचाळीस हजार बारीक फाइली होत्या आणि चार तास लागतील असं दिसत होतं. दुसऱ्यात सगळा गिचमिड मजकूर होता. मला तो कचरा वाटला. आता नव्या संगणकावर साइट सुरू करायला गेलो की काळ्या खिडकीत लाल अक्षरं येतात: 'कॅनॉट फाइंड मॉड्यूल रिअ‍ॅक्ट'. रिअ‍ॅक्ट म्हणजे काय, ते मी कधी पाहिलंही नाही, तर शोधू कुठे?

बडनेऱ्याच्या सामूहिक विवाहाचं काम आपल्याला मिळालं आहे. एकवीस जोडपी. मंडळाचे देवराव म्हणाले, घरोघरची माणसं मोबाइलवरूनच नावं भरतील, तुमची साइट आहे म्हणूनच इथे आलो. ३१ जानेवारीपर्यंत साइट सुरू पाहिजे. काल खुशालराव सगळ्यांसमोर म्हणाले, "काहून रे, तुले प्रुफावरून उठवून संगणकावर बसवलं, त थो संगणकच मुका झाला! एकतीसले चालू नाई झालं त देवराव दुसरीकडं जाईन, अन् तू बी मोकळा."

प्रुफं आता त्यांच्या सूनबाई, रागिणीवहिनी वाचतात. म्हणजे माझी जुनी खुर्चीही राहिलेली नाही. 'मोकळा' म्हणजे अकोटची जिनिंग. बाबांनी मुकादमाशी बोलूनही ठेवलं आहे. मागच्या वेळी मी तिथे पाच महिने टिकलो. रुईने माझा दम कसा कोंडायचा ते तू पाहिलं आहेस.

काय करू, ते लिही. पत्त्यातला पिनकोड दोनदा तपासला आहे.

तुझा भाऊ,
धम्मदीप


अकोला,
१० जानेवारी

चि. धम्मदीप,
जय भीम आणि अनेक आशिर्वाद.

पत्र आज मिळालं. माझ्या वेलांट्यांकडे बघत बसू नकोस, नाहीतर मजकूर राहील बाजूला आणि तुझा जीव जाईल.

घाबरण्यासारखं काही नाही. बेचाळीस हजार फाइलींचं ते फोल्डर कोणीच सोबत नेत नाही. साइटला लागणारं बाहेरचं सामान त्यात असतं, रिअ‍ॅक्टही त्यातच. सामानाची यादी 'पॅकेज डॉट जेसन' नावाच्या फाइलमध्ये आहे आणि ती तुझ्याकडे आहे. काळ्या खिडकीत साइटच्या फोल्डरमध्ये जा आणि 'एनपीएम इन्स्टॉल' एवढंच लिही. ती यादी वाचून सगळं नेटवरून आणलं जातं. वेळ लागतो. तोवर निट बसून राहा, फेऱ्या मारू नकोस.

परिक्षा १५ फेब्रुवारीला आहे. मागच्या वेळी चार गुणांनी गेले, तेही मराठीच्या पेपरात. बाकी सगळं येतं मला, मराठीच येत नाही, असं लीलाबाई सगळ्यांना सांगत असतात. लीलाबाई म्हणजे अभ्यासिकेच्या मालकीणबाई.

पोस्टात पाच दिवस गेले. बडनेऱ्याचा गोपाल रेल्वेत आहे, रोज अकोल्याला जाणं-येणं करतो. पुढचं पत्र त्याच्याकडे दे. इथे संगणक नाही, तेव्हा जे दिसेल ते लिहूनच कळव.

रश्मी


अमरावती,
१२ जानेवारी

प्रिय रश्मीताई,
सप्रेम जय भीम.

तू सांगितलंस तसं केलं. अकरा मिनिटं लागली. मी उठलो नाही, पण खुर्ची खाली-वर करायचं बटन तुटलं, ते माझ्याच हाताने तुटलं असावं. रिअ‍ॅक्ट आलं. ती लाल अक्षरं गेली. मी खुशालरावांना हाक मारणार, तेवढ्यात दुसरी लाल अक्षरं आली. जशी आहेत तशी उतरवून देतो:

मॉड्यूल नॉट फाउंड. कान्ट रिझॉल्व्ह './मजकूर/आशीर्वाद'.

पहिल्या वेळी बाहेरचं सामान नव्हतं, हे समजलं. पण हे तर आपलंच दिसतं. 'एनपीएम इन्स्टॉल' आणखी दोनदा केलं. फरक नाही.

आपले मशीनवाले नत्थुजी मागे येऊन उभे होते. म्हणाले, "माई मशीन बिघडली का खडखड त करते, बाप्पा. हे तुयं त मुक्यानंच रुसते." मग जाताना म्हणाले, "पोरीले इचार. तिनं बनवलं, तिलेच ठाव."

एकोणीस दिवस राहिले.

तुझा,
धम्मदीप


अकोला,
१३ जानेवारी

चि. धम्मदीप,
जय भीम, आशिर्वाद.

बरोबर ओळखलंस, ही बाहेरची नाही, माझीच फाइल आहे. सुरुवातीला टिंब आणि तिरपी रेघ आहे ना, त्याचा अर्थ 'इथेच, घरात शोध'. पत्रिकेच्या तळाशी वडीलधाऱ्यांची नावं येतात, त्यांचा मजकूर तिच्यात आहे. फाइलींना इंग्रजी नावं द्यायची रीत आहे, पण खुशालराव म्हणाले होते, "नावं मराठीतच ठेव माय, मले वाचता आली पायजेत." म्हणून अकरा फाइलींना मराठी नावं दिली. हिचं नाव 'आशिर्वाद'.

आता दोनच गोष्टी बघ. 'मजकूर' फोल्डरमध्ये ती फाइल आहे का? आणि असली, तर तिचं नाव आणि लाल अक्षरांतलं नाव तंतोतंत जुळतं का? शेवटी एक मोकळी जागा जास्त असली तरी संगणकाला ती फाइल सापडत नाही. त्याला अंदाज बांधता येत नाही.

एवढंच. पुर्ण प्रश्नसंच राहिला आहे.

रश्मी


अमरावती,
१५ जानेवारी

प्रिय रश्मीताई,
सप्रेम जय भीम.

फाइल आहे. मी स्वतः उघडून पाहिली. आत तुझा सगळा मजकूर जागच्या जागी आहे. नाव 'आशीर्वाद', मी आधीच्या पत्रात लिहिलं होतं तेच. पुढे-मागे मोकळी जागा नाही. पट्टी लावून मोजलं.

समोर फाइल आहे आणि संगणक म्हणतो, सापडत नाही. मला आता माझ्याच डोळ्यांची शंका येते. घरी कुलूप लावून निघालो की चौकातून परत जाऊन कडी ओढून बघतो. आज तीनदा गेलो.

मोबाइलवर त्या उत्तरं देणाऱ्या यंत्रालाही विचारलं. संगणकाकडे बघत लाल अक्षरं हाताने टाइप करून दिली, फाइलचं नावही दिलं. त्याने आधी लिहिलं की नाव तर बरोबर दिसतं आहे, आणि मग चौदा उपाय सांगितले. नऊ करून झाले. संगणक वर्गातला एक मुलगा आणला, तर तो खुर्चीत न बसताच म्हणाला, "हे फेकून द्या, नवीन बनवून घ्या." किती दिवस लागतील विचारलं तर म्हणाला दोन महिने.

बाबांचा फोन आला होता. "धम्मदीप, मुकादम इचारून राहिला. काय सांगू त्याले?" मी म्हटलं, एकतीस तारखेनंतर सांगतो. ते बरं म्हणाले. मग म्हणाले, "तोंडाले बांधाले चांगला रुमाल घेऊन ठेवतो."

ताई, लवकर लिही.

धम्मदीप


अकोला,
२० जानेवारी

धम्मदीप,

पाच दिवस उत्तर दिलं नाही, कारण सराव परिक्षा होती. मराठीत पुन्हा तेच. शंभरातले बावन्न. त्यामुळे सध्या मला कोणाशीच गोड बोलता येत नाही.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू लिहितोस ते सगळं खरं असेल तर साइट सुरू व्हायलाच पाहिजे. होत नाही, म्हणजे तू लिहिलेलं कुठेतरी खरं नाही. तू काही लपवतोस का? फाइल पुसली गेली आणि तू नवी करून ठेवलीस, असं काही? केलं असशील तर सांगून टाक. मी आत्याला किंवा मामाला सांगणार नाही.

शेवटच्या सुचना. बेचाळीस हजारांचं ते फोल्डर पुसून पुन्हा 'एनपीएम इन्स्टॉल' कर. तरी झालं नाही तर लाल अक्षरांची पुर्ण खिडकी आणि 'मजकूर' फोल्डर, दोन्ही छापून पाठव. हाताने काहीही लिहू नकोस. छापूनच.

रश्मी

(आत्याला म्हणजे माझ्या आईला. बघ, तुझ्या नादात मी माझ्या आईलाच आत्या म्हणू लागले.)


अमरावती,
२२ जानेवारी

प्रिय रश्मीताई,
सप्रेम जय भीम.

फोल्डर पुसून पुन्हा आणलं. तेच.

मी फाइल पुसलेली नाही. आईची शपथ घेऊन सांगतो. तू असं लिहिशील असं वाटलं नव्हतं.

छापून पाठवायचं म्हणालीस, पण इथल्या प्रिंटरची शाई संपली आहे. म्हणून पुन्हा एकदा स्वच्छ अक्षरात उतरवून सोबत जोडलं आहे. चारही बाजूंना समास सोडला आहे, तुला वाचायला सोपं जाईल.

नऊ दिवस.

धम्मदीप


अकोला,
२३ जानेवारी

धम्मदीप,

अमरावतीच्या भर लग्नसराईत छापखान्यात शाई नाही? गोपालच्या देखत मी हसले. तो म्हणाला, "ताई, काल त म्या तिथूनच पाचशे हॅन्डबिलं उचलली."

तुझं स्वच्छ अक्षर मला नको आहे. छापून पाठव, नाहीतर पाठवूच नकोस.

रश्मी


अमरावती,
२६ जानेवारी

प्रिय रश्मीताई,
सप्रेम जय भीम.

छापलेली दोन्ही पानं सोबत आहेत. शाई होती. खोटं लिहिलं, माफ कर.

पानं पाहण्याआधी पुढचं वाच. लाल अक्षरांत तुला एक शब्द चुकीचा दिसेल. 'आशिर्वाद', पहिली वेलांटी. शुद्ध शब्द आशीर्वाद, शी दीर्घ. मी तुला लिहिताना प्रत्येक वेळी तो शुद्ध करून लिहिला. यंत्रालाही शुद्ध करूनच दिला. तू नाव लिहून पाठवलंस तेव्हाही पहिलीच वेलांटी होती. ती तुझी नेहमीची आहे म्हणून मी वाचून पुढे गेलो.

असं का केलं, तेही सांगतो. सहा वर्षांपूर्वी बार्शीटाकळीला जयंतीचा फलक तू रंगवला होतास. 'जयंति' लिहिलं होतंस. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ताई, 'ती' दीर्घ पाहिजे. पोरं हसली. तू शिडीवरून उतरलीस, ब्रश डब्यात ठेवलास आणि चार महिने माझ्याशी बोलली नाहीस. त्यानंतर मी तुझी चूक तुला कधी सांगितली नाही. दिसली तर गुपचूप नीट करायची, एवढंच ठेवलं.

दिवाळीच्या वेळी रागिणीवहिनींना साइटच्या फाइली दाखवायच्या होत्या. त्यांनी फार शिकलेल्या माणसांसारखं हसू नये, म्हणून आदल्या दिवशी मी त्या फाइलच्या नावातली वेलांटी सुधारून ठेवली. अकरापैकी तेवढी एकच चुकली होती. त्यामुळे काही बिघडलं नसणार, कारण त्यानंतर दोन महिने साइट व्यवस्थित चालू होती. मी रोज पाहत होतो.

हे मी तुला सांगणारच नव्हतो. पानं छापून दोन दिवस खणात ठेवली होती. आज नत्थुजींनी ती माझ्या हातात पाहिली आणि विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ते शाईचा हात पुसत म्हणाले, "गिऱ्हाइकानं देलेल्या कापीत चूक दिसली त काठाले खूण कराची, पार्टीची सई घ्याची, अन् मंगच हात लावाचा. चार साल झाले तुले प्रेसात, कोनी शिकवलं नाई का?" मग म्हणाले, "म्या एकदा एकाचं आडनाव शुद्ध केलं होतं. पाचशे पत्रिका वापस आल्या. मानूस मले म्हने, माया बाप असाच लिहे."

मी इतरांच्या प्रुफाला कधी सहीशिवाय हात लावला नाही. तुझ्याच कामाला लावला.

आता तू पुन्हा बोलली नाहीस तरी चालेल, पण फाइल का सापडत नाही ते तेवढं लिही. पाच दिवस आहेत.

धम्मदीप


अकोला,
२७ जानेवारी

अरे वेड्या, तेच आहे!

गोपाल खाली थांबला आहे, म्हणून घाईत लिहिते. मी इतक्या जोरात हसले की अभ्यासिकेतल्या बाकीच्या पोरी 'शू' करत उठल्या आणि लीलाबाई जिन्यातून ओरडल्या, "काहून वं, निकाल लागला काय?"

निट ऐक. फाइलचं नाव तू बदललंस, पण तिला दुसऱ्या फाइलमधून हाक मारणारी ओळ माझीच राहिली. ती ओळ अजून 'आशिर्वाद' म्हणून हाक मारते, आणि घरात 'आशीर्वाद' नावाची बाई बसली आहे. ती ओ कशी देणार? मग दोन महिने साइट कशी चालली? कारण जुन्या संगणकावर ती आधीच बांधून ठेवलेली होती. तू कचरा म्हणून सोडलेलं दुसरं फोल्डर, ते गिचमिड मजकुराचं, तीच ती बांधलेली साइट. त्यामुळे नाव बदललेलं तिला कळलंच नाही. नव्या संगणकावर नव्याने बांधायला घेतली, तेव्हा तिने खरी नावं मागितली. रोज चालू दिसत होती म्हणून तुला तुझ्या हाताची शंका आली नाही. आणि मी? तुझ्या पत्रातली दुसरी वेलांटी माझ्या डोळ्यांसमोर होती, तीन पत्रं! मला ती दिसलीच नाही. म्हणून तर बावन्न गुण.

फाइलच्या नावाला माझी चूक परत दे. पहिली वेलांटी. शुद्ध करायचं असेल तर दोन्हीकडे एकदम करावं लागेल, पण ते देवरावांचं काम झाल्यावर. आत्ता नको. फाइलचं नाव पत्रिकेवर छापलं जात नाही, तेव्हा कोणी हसणार नाही.

आणि जयंतीच्या फलकाचं. मी चार महिने तुझ्यावर रागावले नव्हते. मला लाज वाटत होती. ग्रॅज्युएट मी, आणि चूक काढली दुसऱ्या वर्षात पॉलिटेक्निक सोडलेल्याने. तेव्हा सांगितलंस तसं नंतरही सांगत राहिला असतास, तर मी मागच्याच वेळी पास झाले असते. आता एकोणीस दिवस आहेत. माझी सगळी पत्रं तुझ्याकडे आहेत. त्यांची प्रुफं तपास. पण खूण करून माझ्याकडे पाठव. परस्पर सुधारू नकोस.

रश्मी


अमरावती,
२९ जानेवारी

प्रिय रश्मीताई,
सप्रेम जय भीम.

काल सकाळी गोपालने पत्र दिलं. मी ते दारातच वाचलं आणि चप्पल न काढता संगणकाशी गेलो.

फाइलच्या नावावर गेलो. दुसरी वेलांटी पुसली. पहिली टाइप करायला बोट उचललं, पण ते खाली जाईना. चार वर्षांत कितीतरी पत्रिकांवर मी हाच शब्द लाल शाईने दुरुस्त केला असेल. रागिणीवहिनी मागून म्हणाल्या, "अहो धम्मदीपभाऊ, शी दीर्घ पाहिजे ना तिथं?" मी म्हटलं, "हो वहिनी, पाहिजे. पण ही कॉपी पार्टीची आहे." आणि दाबून टाकलं.

लाल अक्षरं आली नाहीत. मी वाट पाहत राहिलो. मग पत्रिका उघडली, तळाशी वडीलधाऱ्यांच्या नावांसाठी जागा, आणि तिच्यावर तुझ्याच मजकुरातलं 'शुभाशीर्वाद'. तिथे मात्र दीर्घ आहे. ते तुझं नाही, ते मी पहिल्याच महिन्यात प्रुफावर खूण करून खुशालरावांची सही घेऊन सुधारलं होतं. कागद अजून फायलीत आहे.

खुशालराव आले. मी सांगितलं, चालू झालं. ते म्हणाले, "चालू झालं? मंग लेका असा सुतकी चेहरा करून काहून बसला!" देवरावांना तिथूनच फोन लावला. दुपारपर्यंत सहा जोडप्यांची नावं आली. संध्याकाळी खुशालराव माझ्या खुर्चीचं तुटलेलं बटन बघत म्हणाले, "हे मोडलं कोनं? दुसरी आन. रोज बसाचं हाय तुले इथं."

बाबांना फोन केला. मुकादमाला नाही म्हणून सांगा म्हटलं. ते म्हणाले, "बरं झालं." मग म्हणाले, "रुमाल घेतला होता. आता नाक पुसाले वापरजो."

सोबत तुझी सगळी पत्रं परत पाठवतो आहे. सात ठिकाणी काठाला खूण केली आहे. परीक्षा, नीट, पूर्ण, सूचना हे शब्द रोज दहादा लिही. परीक्षेतली री दीर्घ आहे, हे पेपर हातात पडेपर्यंत विसरू नकोस. 'आशिर्वाद' दोनदा मायन्यात आहे. तिथे खूण केलेली नाही. पेपरात दुसरी वेलांटी दे, पण मला लिहिशील तेव्हा पहिलीच राहू दे. तो शब्द बदलला की कुठेतरी काहीतरी सापडेनासं होतं, अशी आता मला भीती वाटते.

प्रत्येक पत्राच्या तळाशी सहीसाठी जागा आखली आहे. वाचून, मान्य असेल तर सही कर आणि गोपालकडे दे. सही येईपर्यंत मी कशालाही हात लावणार नाही.

तुझा भाऊ,
धम्मदीप